गालिच्यासाठी कोणता क्लीनर: फेसाळ शाम्पू की एन्कॅप्सुलेशनवाला?

शाम्पू स्वस्त, कुठेही मिळतो, आणि भरपूर फेस दिसला की जीवही सुखावतो. पण तो फेस पूर्ण निघत नाही. धाग्यांत राहिलेला साबण वाळून चिकट होतो, त्यावर पायाची धूळ बसते आणि धुतलेला भाग आधीपेक्षा लवकर काळवंडतो. मग लोक आणखी शाम्पू ओततात! तो वापरायचाच तर साध्या पाण्याने दोनदा खळबळून ओल्या कामासाठीच्या (वेट) व्हॅक्यूमने पाणी ओढून घ्यावे लागते. पावसाळ्यात हे नकोच; गालिचा वाळत नाही, कुबट वास धरतो.

एन्कॅप्सुलेशन क्लीनरमधले पॉलिमर मळाला वेढतात आणि वाळल्यावर ठिसूळ कण होतात. ते व्हॅक्यूमने निघतात. पाणी कमी लागते. महाग आहे, व्हॅक्यूमशिवाय निरुपयोगी, आणि सांडलेल्या चहा-दुधासारख्या खोल डागांपुढे तोकडा पडतो. तरी रोजच्या मळासाठी मी हाच घेईन.

बाटलीवरच्या दाव्यांपेक्षा बशीची चाचणी खरी: थोडे द्रावण काचेच्या बशीत वाळू द्या. खरवडल्यावर भुगा झाला तर ठीक, बोटाला चिकटले तर परत करा. लोकरी गालिच्याला मात्र धुण्याची पावडर लावू नका, तिचा अल्कलीपणा लोकर खराब करतो.