घरातली रेंज नऊ महिने मोजली: मायस्पीड, सेल इन्फो ॲप आणि एक वही

जूनच्या २० तारखेची रात्र. जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायची शेवटची तारीख आणि माझ्याकडे सात दुकानदारांची कामं. लॅपटॉपला नेट आईच्या फोनवरून घेतलं होतं, ते रडतखडत चालत होतं. ओटीपी मात्र माझ्या नंबरवर यायचा आणि तो येतच नव्हता. भर पावसात फोन घेऊन पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर सड्यावर गेले, तर तीन एसेमेस एकदम आले. खाली पोचेपर्यंत तिन्हींची मुदत संपली होती. शेवटी वहिनी छत्री आणि माझा फोन घेऊन वर थांबली, मी खाली ओटीवर बसले आणि तिने एकेक ओटीपी पाखाडीवरून ओरडून सांगितला. सातही विवरणपत्रं गेली. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ओटीवर ओटीपी येत नव्हता तेव्हाही माझ्या फोनमध्ये चारातल्या तीन काड्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी रेंज मोजायला लागले. आता फेब्रुवारी संपलाय. आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. घर चिरेबंदी, कौलारू. गावातून काम करणाऱ्या किंवा गावी आईवडील एकटे असणाऱ्या कुणालाही हा अनुभव उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

वापरलं काय, तर तीन गोष्टी. ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, मायस्पीड ॲप, जे २०१६ पासून आहे आणि फुकट आहे. त्यात डाउनलोड, अपलोड आणि सिग्नलचा आकडा मिळतो आणि तुमचं नाव-नंबर न जाता निकाल ट्रायकडे जमा होतो. दुसरं, टॉवरची आतली माहिती दाखवणारं सेल इन्फो प्रकारचं एक ॲप. अशी बरीच आहेत, कुठलंही चालेल. तिसरी गोष्ट दोनशे पानी वही. तिघांत सर्वांत जास्त कामाला आली ती वहीच.

आधी काड्यांचं सांगते. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचा काही ठरलेला नियम नाही, फोन बनवणारा ते आपल्या हिशोबाने ठरवतो. त्याच जागी, त्याच कंपनीच्या सिमवर माझ्या फोनला तीन काड्या आणि भावाच्या फोनला एक, हे मी कितीदा तरी पाहिलं. खरा आकडा डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली सिम स्टेटस उघडलं की बहुतेक फोनांत तो दिसतो. काही फोनांत *#*#४६३६#*#* डायल केलं तरी चाचणीचा पडदा उघडतो. आयफोनवाल्यांनी *३००१#१२३४५#* करून पाहावं. फोरजीसाठी बघायचा आकडा म्हणजे आरएसआरपी, टॉवरकडून फोनपर्यंत पोचलेल्या सिग्नलची ताकद. तो उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे मस्त, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११५ च्या पलीकडे बोलणं तुटायला लागतं. हे माप साध्या चढत्या पट्टीसारखं नाही. ३ डीबी कमी झाले की ताकद निम्मी आणि १० कमी झाले की दहावा हिस्सा. हे कळलं आणि माझी घराकडे बघायची नजरच बदलली. ओटीवर उणे १०६ आणि माजघरात उणे ११८ म्हणजे मधली जांभ्याची एक भिंत पंधरा भाग खाऊन आत एक भाग सोडत होती. आई दुपारी माजघरात पडते आणि तिचा फोन नेमका तेव्हाच "कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर" असतो, याचं कोडं तिथेच सुटलं.

पहिला आठवडा मी घरभर फिरून आकडे टिपले. ओटी, पडवी, माजघर, माळा, परडं, न्हाणीघराची मागची बाजू. प्रत्येक जागी फोन एकाच उंचीवर, हातात न धरता स्टुलावर ठेवून, दोन मिनिटं थांबून. थांबणं महत्त्वाचं, कारण आकडा सारखा चार-पाच डीबी खालीवर होत असतो. माळ्यावर, पूर्वेच्या खिडकीशी उणे ९५ निघाला. माझं टेबल त्याच संध्याकाळी माळ्यावर गेलं. एक रुपया खर्च न होता नऊ महिन्यांतला सर्वांत मोठा फायदा मला या एका गोष्टीने झाला. आईचा फोन आता माजघरात नसतो. ओटीच्या कोनाड्यात, घंटा मोठी करून ठेवलेला असतो.

टॉवर कुठला, ही दुसरी उकल. ॲप सेलचा, म्हणजे टॉवरच्या एकेका भागाचा, एक लांबलचक क्रमांक दाखवतं. फोरजीमध्ये त्याला २५६ ने भागलं की पूर्णांक येतो तो टॉवरचा क्रमांक आणि बाकी उरते ती त्या टॉवरवरची दिशा किंवा बँड. मी समजून चालले होते की आमचा फोन बाजारपेठेतल्या टॉवरला लागतो, तो दीड किलोमीटरवर आहे. वहीतला क्रमांक मात्र वेगळाच. माझ्या फोनवर टायमिंग ॲडव्हान्स नावाचा आकडाही दिसतो (सगळ्या फोनांवर दिसत नाही). त्यावरून टॉवरचं अंतर कळतं, त्याची एक पायरी साधारण ७८ मीटरची. आमच्याकडे तो ९० च्या आसपास यायचा, म्हणजे सात किलोमीटर. जवळचा टॉवर सड्याच्या खांद्याआड दडलेला आणि फोन दरी ओलांडून समोरच्या डोंगरावरच्या टॉवरला धरून बसलेला! पाखाडीची वरची पायरी गाठली की टॉवर बदलायचा आणि आकडा एकदम उणे ८२. वीस जूनला वहिनी जिथे उभी राहिली, ती नेमकी तीच पायरी.

मग रोज तीन नोंदी ठरवल्या. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. तोच फोन, तीच खिडकी. आरएसआरपी, आरएसआरक्यू (सिग्नलचा दर्जा, हाही उणे), टॉवरचा क्रमांक, स्पीड आणि पिंग (निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ). दोन्ही सिमांच्या. कंटाळवाणं काम आहे हे खरं, पण पंधरा दिवसांनी वही बोलायला लागली.

जुलैत एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. इथे सगळे म्हणतात, पाऊस आला की रेंज जाते. माझ्या नोंदींत धो धो पावसातही आरएसआरपी दोन-तीन डीबीच्या वर हलला नाही. हलला तो पिंग. एरवी ५० मिलीसेकंदांच्या आसपास असणारा पिंग मोठ्या सरीत चारशे-पाचशेवर जायचा, कधी चाचणीच पुरी व्हायची नाही, सर ओसरली की वीस मिनिटांत पूर्ववत. कारण शोधलं तेव्हा पटलं. मोबाइल ज्या ९००, १८०० मेगाहर्ट्झवर चालतो त्या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नाही. पण जिथे फायबर पोचलेली नाही तिथे एक टॉवर दुसऱ्या टॉवरला मायक्रोवेव्हच्या गोल ताटलीने जोडलेला असतो. ती जोडणी पुष्कळदा १५, १८, २३ गिगाहर्ट्झ अशा वरच्या लहरींवर असते आणि पावसाचे थेंब त्या लहरी खाऊन टाकतात. म्हणजे आपल्या फोनपासून टॉवरपर्यंतचा रस्ता शाबूत, पुढचा पूल पाण्याखाली. समोरच्या डोंगरावरच्या टॉवरला अशी ताटली आहे, मी जाऊन पाहून आले.

गणपतीत उलटं झालं. मुंबईहून चाकरमानी आले, दीड माणसांच्या घरांत पंधरा माणसं, आणि रात्रीच्या आरत्यांचे व्हिडिओ कॉल सुरू. आरएसआरपी माळ्यावर तोच, उणे ९५. पण आरएसआरक्यू उणे ९ वरून उणे १५ वर उतरला आणि एरवी १४ एमबीपीएस देणारं सिम रात्री नऊला अर्धा एमबीपीएससुद्धा देईना. पहाटे चार वाजता उठून मोजलं तर पुन्हा १६. हा रेंजचा नव्हे, गर्दीचा दुष्काळ. अशा वेळी फोन बदलून, सिम काढून-घालून काहीच होत नाही. पाच दिवसांचे गणपती गेले आणि वही पुन्हा जागेवर आली.

तक्रारीचा भाग जरा तपशिलात लिहिते, कारण सगळ्या खटाटोपाचं खरं फळ तिथे मिळालं. ऑगस्टमध्ये लक्षात आलं की वीज गेली की बरोबर चाळीस-पन्नास मिनिटांनी समोरच्या टॉवरचा क्रमांक यादीतून गायब होतो आणि वीज आल्यावर परत येतो. अकरा वेळा नोंदलं. बॅटऱ्या संपल्याचंच ते लक्षण. पहिल्यांदा कंपनीच्या तक्रारीच्या १९८ नंबरवर फोन केला तेव्हा "तुमच्या भागात नेटवर्क व्यवस्थित आहे, फोन बंद करून चालू करा" हेच उत्तर मिळालं आणि तक्रार दोन दिवसांत बंद झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला मी तक्रारीचा डॉकेट क्रमांक घेतला आणि ती तशीच बंद केल्यावर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे गेले. ही दुसरी पायरी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तिथे लिहून वेळ घालवू नका. अपिलात मी रडगाणं लिहिलं नाही. टॉवरचा क्रमांक, अकरा तारखा, वीज गेल्याची वेळ, सिग्नल गेल्याची वेळ, एवढाच तक्ता जोडला.

नवव्या दिवशी एक इंजिनिअर घरी आला. वही बघून म्हणाला, "ताई, आम्हाला कंट्रोल रूममधून टॉवर बंद झाल्याचं दिसतं, पण खाली कुणाचं काय अडतं ते दिसत नाही." त्याने माळ्यावर स्वतःच्या फोनवर मोजलं, माझ्या आकड्यात आणि त्याच्या आकड्यात दोन डीबीचा फरक निघाला. मला त्या दोन डीबींचा फार आनंद झाला. ऑक्टोबरच्या मध्यावर बॅटऱ्या बदलल्या. तेव्हापासून वीज तीन तास गेली तरी रेंज टिकते, हेही वहीत आहे.

आता ॲपची गाऱ्हाणी. टॉवरची माहिती वाचायला अँड्रॉइड लोकेशनची परवानगी मागतं, ती दिल्याशिवाय पडदा कोराच राहतो. ॲप मागे चालू ठेवलं तर बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. मी फक्त मोजताना उघडते. दोन सिमांच्या फोनात स्पीड मोजला जातो तो ज्या सिमवर डेटा चालू आहे त्याचा. सुरुवातीचे चार दिवस मी दुसऱ्याच सिमच्या नावावर नोंदी केल्या होत्या, त्या सगळ्या खोडाव्या लागल्या. स्पीड टेस्ट डेटा खाते. फोरजीवर एकेका चाचणीला तीस-चाळीस एमबी सहज जातात आणि शहरात फाइव्हजीवर तर काहीशे. दिवसाला दीड जीबी असणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आणि स्पीडच्या आकड्यावर फार विसंबू नका. ओटीपी, यूपीआय, साधा कॉल यांना १ एमबीपीएसही पुष्कळ होतो, त्यांना लागते ती न तुटणारी जोडणी. म्हणून मी आता आधी पिंग बघते.

सरकारी मोजणीबद्दलही थोडं. ट्राय गाडीत फोन ठेवून ड्राइव्ह टेस्ट करतं आणि निकाल जाहीर करतं. पण त्या गाड्या शहरांतून, महामार्गांवरून, रेल्वेमार्गांवरून जातात, पाखाडी चढत नाहीत. कॉल तुटण्याची मर्यादा २ टक्के आहे. कंपन्यांचे आकडे परवाना क्षेत्रागणिक येतात आणि आपलं क्षेत्र म्हणजे मुंबई परिसर सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. एवढ्या मोठ्या क्षेत्राच्या सरासरीत आमच्या वाडीचं दुखणं कुठे दिसणार? १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा देणं बंधनकारक केलं, ही मला मोलाची गोष्ट वाटते. नकाशात आमची वाडी पूर्ण रंगवलेली आहे. तो रंग उघड्यावरच्या रेंजचा आहे, जांभ्याच्या भिंतीआडचा नाही, हे वही हातात असल्यावर ठामपणे सांगता येतं. कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने २०१५ मध्ये केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मे २०१६ मध्ये रद्द केला. तेव्हापासून आपल्या हातात मोजणं आणि तक्रार करणं एवढंच उरलंय.

रेंज वाढवणाऱ्या बूस्टरविषयी बरेच जण विचारतात. शेजारच्या वाडीत एकाने ऑनलाइन मागवलेला बसवला आहे. परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे आणि तो टॉवरकडे गोंगाट पाठवतो, त्यामुळे आजूबाजूच्यांचे कॉल बिघडतात. घरात वायफाय असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा. आमच्याकडे डिसेंबरात ग्रामपंचायतीजवळून जोडणी मिळाली तेव्हापासून आईचे कॉल माजघरातूनही लागतात.

कंपनी बदलू का, हा प्रश्न मलाही होता. वहीने उत्तर दिलं ते सरळ नव्हतं. आईचं सिम ओटीवर ९ डीबीने चांगलं, पण रात्री आठ ते अकरा त्यावर नेट हलत नाही. माझं सिम कमजोर, पण रात्री टिकतं. दोन्ही ठेवली. पोर्ट करण्याआधी त्या कंपनीचं साधं प्रीपेड सिम आणून पंधरा दिवस मोजा, कारण पोर्ट झाल्यावर ९० दिवस पुन्हा हलता येत नाही.

रोज तीन नोंदी आता मी करत नाही, आठवड्यातून दोनदा करते. खालच्या वाडीत शाळेजवळ अजून उणे ११९ आहे आणि तिथे दोन्ही कंपन्यांचे टॉवर डोंगराआड जातात. तिथल्या नववीतल्या एका मुलीला मी मोजायला शिकवलं, तिने स्वतःची वही केलीय. तिच्या बावीस दिवसांच्या नोंदी झाल्यात. शिमग्याला चाकरमानी येण्याआधी तीस पुऱ्या होतील, मग शाळेच्या नावाने तक्रार घालणार आहोत.