पिक्रोसिरियस रेडचं तयार किट : रंग चोख, माहितीपत्रक बाजूला ठेवा

रॅटच्या हृदयातला फायब्रोसिस, म्हणजे कोलॅजेन नावाचं तंतुमय प्रथिन जादा साचणं, मोजायचा म्हटलं की आमच्या लॅबमध्ये कोलॅजेनला लाल करणारा पिक्रोसिरियस रेडच लागतो. हा स्टेन मी कायम हातानेच बनवत आले. पिक्रिक ॲसिडच्या संपृक्त द्रावणात ०.१ टक्का सिरियस रेड, रात्रभर ढवळायचं, गाळायचं, लेबल लावायचं, झालं. पण पिक्रिक ॲसिड कोरडं पडलं की स्फोटक. त्यामुळे नवी बाटली मागवायची म्हणजे सेफ्टी कमिटीचे फॉर्म, सह्या, पुन्हा फॉर्म. शेवटी सर वैतागून म्हणाले, "तयार किटच घेऊन टाका." घेतलं. कंपनी देशी आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाईटही लिहायचंय आणि त्याच वितरकाकडून आम्हाला अजून बराच माल घ्यायचाय.

खोक्यात स्टेनची बाटली, केंद्रकं रंगवणाऱ्या वायगर्ट हिमॅटॉक्सिलिनचे ए आणि बी असे दोन भाग, ॲसेटिक ॲसिड आणि एक घडीचं माहितीपत्रक. वायगर्ट दिलंय हे बघून बरं वाटलं. स्वस्त किटमध्ये साधं हिमॅटॉक्सिलिन टाकतात, आणि नंतर तासभर पिक्रिक ॲसिडमध्ये बसल्यावर केंद्रकांचा निळा रंग धुऊन जातो. वायगर्टमध्ये लोह असतं, ते आम्लाला दाद देत नाही. दोन्ही भाग वापरायच्या आधी समप्रमाणात मिसळायचे. मिश्रण फार दिवस टिकत नाही, त्यामुळे लागेल तेवढंच करा. हे पत्रकात बारीक अक्षरात आहे, ठळक हवं होतं.

सगळ्यात आधी मी लेबलवर रंगाचा नंबर शोधला : सी.आय. ३५७८०, म्हणजे डायरेक्ट रेड ८०. तुम्हीही आधी हेच बघा. सिरियस नावाचे लाल रंग बाजारात बरेच आहेत आणि सगळे कोलॅजेनला धरत नाहीत. इथे नंबर बरोबर होता.

आता रंगाचं. आयसोप्रोटेरेनॉल (जास्त डोसने हृदयाला इजा करणारं औषध) दिलेल्या रॅटच्या हृदयाचे ५ मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, घेतले, सोबत नुसतं सलाइन दिलेले कंट्रोल. वायगर्ट ८ मिनिटं, नळाचं पाणी, मग स्टेनमध्ये पूर्ण १ तास. घाई करून वीस मिनिटांत काढाल तर बारीक तंतू रंगतच नाहीत. नंतर ०.५ टक्के ॲसेटिक ॲसिडच्या पाण्याचे दोन हात, स्लाइड जोरात झटकायची आणि थेट ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये. इथे साधं पाणी वापरलं तर पिवळा तर जातोच, लालही फिका पडतो. मग झायलीन आणि काच चिकटवायला डीपीएक्स.

दिसलं ते असं : स्नायू लिंबासारखा पिवळा, कोलॅजेन गडद लाल, मध्ये कुठे गुलाबी धुरकटपणा नाही. कंट्रोलमध्ये फक्त रक्तवाहिन्यांभोवती लाल कडं आणि पेशींमधून अगदी पुसट रेघा. आयसोप्रोटेरेनॉलच्या स्लाइडवर हृदयाच्या टोकाकडे, डाव्या जवनिकेच्या आतल्या अंगाला, स्नायूपेशी मेलेल्या जागी लाल चट्टे, आणि त्या चट्ट्यांतून शेजारच्या जिवंत पेशींमध्ये घुसलेले धागे. चाळीसच्या लेन्सखाली एकेका स्नायूपेशीला वेढणारी लाल किनार मोजता येईल इतकी स्वच्छ. माझ्या हातच्या स्टेनच्या तोडीचं आहे, हे मनाविरुद्ध का होईना, मान्य करते.

कोलॅजेन निळं दाखवणारा मॅसन ट्रायक्रोम हा दुसरा स्टेन का नाही, असं नवी मुलं विचारतात. ट्रायक्रोम दिसायला छान, पण त्याचा निळा दर बॅचला वेगळा, आणि पेशींमधलं बारीक कोलॅजेन त्यात निसटतं. फोटोसाठी ट्रायक्रोम, आकड्यासाठी सिरियस रेड, असा आमचा शिरस्ता. शिवाय हा रंग लवकर उडत नाही. जुना व्हॅन गीसन स्टेन काही काळाने फिका पडायचा, म्हणून तर १९६४ मध्ये स्वेट, पुश्टलर आणि रोझेन्थल यांनी त्यातलं ॲसिड फुक्सिन काढून सिरियस रेड घातला.

आता माहितीपत्रक. त्यात ठळक छापलंय की पोलराइज्ड (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात लाल-नारिंगी दिसतं ते टाइप वन कोलॅजेन आणि हिरवं ते टाइप थ्री. आमची पीएचडीची विद्यार्थिनी लगेच पत्रक घेऊन आली, "ताई, मग आपण दोन्हींचं गुणोत्तरच काढू या ना!" नाही काढायचं. सिरियस रेडचे लांबुळके रेणू कोलॅजेनच्या तंतूला समांतर चिकटतात आणि तंतूचा मूळचा द्विअपवर्तनाचा गुण, म्हणजे पोलराइज्ड प्रकाशात चमकण्याचा गुण, वाढवतात. रंग ठरतो तो तंतूची जाडी आणि तो किती घट्ट बांधलाय यावर. बारीक, सैल तंतू हिरवे. जाड, घट्ट तंतू नारिंगी-लाल. सेक्शन ५ ऐवजी ८ मायक्रॉनचा कापा, रंग सरकतो. स्लाइड फिरवा, मघाशी चमकणारा तंतू काळा पडतो. मी तिच्यासमोर तीच स्लाइड स्टेजवर फिरवून दाखवली. रेषेत आलेला अख्खा जुडगा दिसेनासा झाला. टाइप ओळखायचा तर त्या त्या टाइपलाच चिकटणारी अँटिबॉडी लावा. ब्राझीलच्या जुंकेरा यांच्या गटाने पोलराइज्ड प्रकाशाची ही पद्धत १९७९ मध्ये मांडली ती कोलॅजेन ओळखण्यासाठी, आणि त्या कामात ती उत्तमच आहे. तेवढंच लिहा ना! विकायच्या नादात लोकांच्या थिसिसमध्ये चुकीचे तक्ते जातात.

दुसरी गोष्ट पत्रकात नाहीच, पण किट घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक आमच्यासारखे सिग्नलिंगवाले, म्हणजे पेशींमधले निरोप अभ्यासणारे, असणार म्हणून लिहिते. टीजीएफ-बीटा हे निरोप देणारं प्रथिन पेशीवरच्या रिसेप्टरला जोडलं की आतली स्मॅड-२ आणि स्मॅड-३ ही प्रथिनं फॉस्फोरिलेट होतात (त्यांना फॉस्फेट चिकटतं), स्मॅड-४ ला घेऊन केंद्रकात जातात, आणि कोलॅजेनची जनुकं चालू होतात. फायब्रोब्लास्ट या पेशीचा मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे जास्त कोलॅजेन बनवणारी पेशी, होतो. डिशमधल्या पेशींमध्ये फॉस्फो-स्मॅडची पट्टी ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) तासाभरात दिसते. कोलॅजेन साचायला मात्र दिवस लागतात, आणि साचलं की सिग्नल थंडावला तरी ते तिथेच राहतं. म्हणजे हुकूम देणारा साहेब बदलून गेला तरी बांधलेली भिंत उभीच. त्यामुळे ब्लॉट आणि स्लाइड जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. आणि सिरियस रेड वाढलेला दिसला म्हणून आत्ता या घडीला टीजीएफ-बीटा चालू आहे, असंही लिहू नका. औषधाच्या गटात ब्लॉटची पट्टी गेली आणि लाल तेवढंच राहिलं, तर त्याला 'औषध फेल' म्हणायचं की 'औषध उशिरा दिलं', हे ठरवायला दोन्ही लागतात.

आकड्यांत काटेकोरपणा का हवा, तर फरक लहान असतात. माणसांमध्ये पिरफेनिडोन या फायब्रोसिसवरच्या औषधाची पिरुएट नावाची चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आले. ५२ आठवडे औषध घेऊन हृदयातल्या पेशींबाहेरच्या जागेचं एमआरआयवर मोजलेलं प्रमाण प्लॅसिबोच्या तुलनेत १.२१ टक्केबिंदूंनी उतरलं. इतक्या फरकाच्या गोष्टी करायच्या असतील तर आपला स्टेन बॅचगणिक बदलून चालत नाही. म्हणून सगळे गट एकाच दिवशी, एकाच बाटलीतून रंगवायचे, इमेज-जे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच थ्रेशोल्ड (किती लाल असलं की मोजायचं ती मर्यादा) लावायचा, आणि रक्तवाहिन्यांभोवतीचं कडं वेगळं मोजायचं. तयार किटचा खरा फायदा इथे आहे. आमच्याकडे आलेल्या दोन लॉटमध्ये मला रंगात फरक जाणवला नाही.

तक्रारी किरकोळ आहेत. बाटलीचं झाकण नीट बसत नाही, आणि पिक्रिक ॲसिडच्या बाबतीत हे किरकोळही नाही : आट्यांवर पिवळे स्फटिक जमतात, कोरडे होतात. प्रत्येक वेळी ओल्या टिश्यूने पुसून घ्या. स्लाइडसाठी धातूचा रॅक वापरू नका, काचेचा किंवा प्लॅस्टिकचाच. पिक्रिक ॲसिड धातूशी मिळून आणखी घातक क्षार बनवतं. पत्रकात यावर एक ओळ नाही, त्याऐवजी अर्धं पान कंपनीच्या इतर मालाचं.

महिन्याला दहा-वीस स्लाइड असतील तर डोळे मिटून घ्या. आमच्यासारखं पूर्ण रॅकच्या रॅक रंगवणाऱ्यांना हातचं द्रावणच स्वस्त पडतं, फॉर्म भरायची तयारी असेल तर. नुसती स्टेनची मोठी बाटली देता का, असं वितरकाला विचारलंय. कोटेशन पाठवतो म्हणाला, अजून आलेलं नाही.