हार्लेम की ईस्ट लेक? शाळेतून वस्ती सावरण्याच्या दोन वाटा

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काम करणाऱ्या 'हार्लेम चिल्ड्रन्स झोन' या संस्थेने घरांना हात लावला नाही. जेफ्री कॅनडा यांनी नव्वदच्या दशकात एका ब्लॉकपासून, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या एका गटापासून, सुरुवात केली आणि पुढे ९७ ब्लॉक कामाखाली आणले. नव्या आईबापांसाठी 'बेबी कॉलेज', मग बालवाडी, २००४पासून स्वतःची 'प्रॉमिस अकॅडमी', शेवटी कॉलेजपर्यंत पाठबळ. मूल कुठल्याच टप्प्यावर सुटू नये, हा हिशेब.

अटलांटात उलटं झालं. बिल्डर टॉम कझिन्स यांच्या पुढाकाराने १९९५मध्ये तिथल्या ईस्ट लेक वस्तीसाठी ईस्ट लेक फाउंडेशन उभं राहिलं. ६५० घरांची बदनाम सरकारी वसाहत पाडून ५४२ नवी घरं बांधली. निम्मी गरिबांसाठी, निम्मी बाजारभावाने. २०००मध्ये ड्रू चार्टर स्कूल (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा) सुरू झालं. गुन्हे घटले, निकाल सुधारले.

पण पुनर्विकास म्हटला की मुंबईकर पहिलं विचारणार: जुने भाडेकरू परत आले का? फार थोडे आले. मग सुधारलं कोण, वस्ती की वस्तीतली माणसं?

हार्लेमलाही प्रश्न आहेतच. शाळेतला प्रवेश लॉटरीवर. शिवाय डॉबी आणि फ्रायर या अर्थतज्ज्ञांच्या २०११च्या अभ्यासात गणिताचे गुण वाढलेले दिसले ते शाळेमुळे. नुसत्या परिसरातल्या सेवांनी गुण वाढल्याचा पुरावा सापडला नाही. एवढ्या मोठ्या पसाऱ्याच्या खर्चाचं समर्थन त्यामुळे अवघड होतं.

तरी माझं मत हार्लेमला. तिथे मदत घ्यायला घर सोडावं लागलं नाही.