चालायला पांदण की डांबरी सडक?

तब्येतीसाठी चालायचं आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे रोज 30 मिनिटं असे पाच दिवस. हे गणित दोन्हीकडे सारखंच. फरक पाडतो तो ऋतू.

दिवाळीपासून होळीपर्यंत पांदणच बरी. माती गुडघ्यांना मऊ, गाड्यांचा त्रास नाही. फक्त बैलबंडीच्या चाकोरीत पाय मुरगळतो, म्हणून मधल्या पट्ट्यावरून चाला. मृग बरसला की मात्र काळी माती चपलेला लोंबते, पाऊल उचलता उचलत नाही, पिंडऱ्या भरून येतात आणि आठ दिवसांत नेम मोडतो. लोक त्याला आळस म्हणतात. खरा दोष रस्त्याचा. शिवाय धुऱ्यावरच्या गवतात साप, आणि बारीक किड्यांच्या अळ्या चावून होणारा स्क्रब टायफस हा ताप.

तेव्हा पावसाळाभर सडक धरा. उजव्या कडेने चाला, म्हणजे जवळची गाडी समोरून दिसते. अंधारात पांढरा सदरा, हाती टॉर्च.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की डांबर संध्याकाळीही धगधगतं. पहाटे पाचला निघा, सहापर्यंत घरी. जमलं नाही तर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या अंगणात; त्याही मोजल्या जातात.