हॅबिट प्लॅनर घ्यावा का? वापरून झालेलीचं मत

स्टेशनरीच्या दुकानात हल्ली काउंटरवरच मांडून ठेवलेली ती जाडजूड हॅबिट प्लॅनर वही, म्हणजे सवयी लावून घ्यायला रोज नोंद करायची वही, घेऊ का, असं ट्रेनमधल्या दोन-तीन जणींनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव नाही सांगत, कारण मुंबईत स्टेशनरीच्या दुकानांची गल्ली आहे त्या अब्दुल रहमान स्ट्रीटला एक चक्कर मारलीत तर तुम्हालाच दिसेल की चार-पाच कंपन्यांच्या वह्या आतून जवळपास सारख्याच आहेत, कव्हर तेवढं वेगळं. मी घेतली तिच्यावर साडेसातशे छापलेले, घासाघीस करून सहाशेला दिली. ए५ साइज, रेक्झिनचं कव्हर, इलॅस्टिक, वाचनखुणेची फीत, सहा महिन्यांची, आणि तारखा छापलेल्या नाहीत, आपल्या आपण टाकायच्या.

आधी नुसती वही म्हणून सांगते. बाइंडिंग शिवलेलं आहे, चिकटवलेलं नाही, त्यामुळे मांडीवर पूर्ण उघडी राहते आणि ट्रेनमध्ये एका हाताने लिहिता येतं, ह्याचे पूर्ण मार्क. कागद मात्र ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप), बॉलपेन चालतं, जेल पेन मागच्या पानावर उमटतं, शाईचं पेन तर विसराच. जुलैत एकदा पर्ससकट भिजली तर कडा फुगल्या पण शिवण टिकली. वजन बऱ्यापैकी आहे हो, डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि वर ही, खांदा बोलतो. आणि रोजच्या पानावर वेळेचा जो उभा कॉलम आहे तो सकाळी ५ ला सुरू होऊन रात्री ८ ला संपतो, आता रात्री ८ ला मी बोरिवली स्टेशनबाहेर रिक्षाच्या लायनीत उभी असते, माझा अर्धा दिवस तर त्यानंतरचाच आहे, तो कुठे लिहू? ज्याने हा कॉलम आखला तो चर्चगेटहून संध्याकाळची लोकल पकडून कधी घरी आलेला नाही हे नक्की.

सगळ्यात जास्त जागा खाल्लीय ती २१ दिवसांच्या चॅलेंजने. प्रत्येक सवयीला २१ गोल, रोज एक रंगवायचा, शेवटी ट्रॉफीचं चित्र आणि खाली अभिनंदन, सवय लागली! हे २१ आलं कुठून माहितीये? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःचा नवा चेहरा सवयीचा व्हायला किमान २१ दिवस तरी लागतात. म्हणजे विषय चेहऱ्याचा, आणि तोही किमान. पुढे लोकांनी किमान गाळलं, चेहराही गाळला आणि उरलेला आकडा सगळीकडे छापत सुटले.

नीट मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१० साली मानसशास्त्राच्या एका जर्नलमध्ये ते छापून आलंय. ९६ जण घेतले, प्रत्येकाने आपापली एक सवय निवडली, कुणी नाश्त्यानंतर पाणी प्यायचं, कुणी जेवणाआधी पळायचं, आणि १२ आठवडे रोज नोंद केली. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण माणसामाणसात फरक केवढा, एकाला १८ पुरेसे तर एकाला पार २५४ लागतील असा हिशोब. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एखादा दिवस हुकला तर फारसं काही बिघडत नाही असंही त्यांना दिसलं. आमच्या वहीत काय छापलंय? एक दिवस चुकला तर पहिल्या गोलापासून सुरुवात करा, तेही लाल अक्षरात! अरे बाबा, इथे रविवारी मेगाब्लॉक असतो, पाऊस झाला की गाड्या रखडतात, गणपतीत घरात पाय ठेवायला जागा नसते, सासरची सगळी मंडळी उतरलेली असतात, तेव्हा गोल कोण रंगवत बसणार. ह्या नियमाने चाललं तर माणूस आयुष्यभर पहिल्या गोलावरच राहील.

आणि २१ गोल संपले की पान संपतं, म्हणजे जिथे खरी गरज लागते तिथेच वही अंग काढून घेते. मी सरळ पुढच्या सवयीची पानं आधीच्याच सवयीला जोडत गेले आणि ट्रॉफीवर काट मारली. त्यामुळे कव्हरवर जे सहा महिन्यांत ९ सवयी म्हणून मिरवलंय ते सोडून द्या, दोन नाहीतर फार तर तीन धरा.

पण एका पानासाठी ह्या वहीचे सात गुन्हे माफ आहेत. पार मागे, स्टिकरच्या आधी, दोन रकान्यांचा साधा तक्ता आहे, डावीकडे 'जर', उजवीकडे 'तर'. काहीही सजावट नाही, सुविचार नाही, बहुतेक जणी तिथपर्यंत पोचतही नसतील. ह्यामागचं काम पीटर गोलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञांचं, थोडक्यात असं की मी व्यायाम करणार असं ठरवण्यापेक्षा अमुक झालं की मी तमुक करणार असं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. ब्रिटनमधला २००२ चा एक प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना व्यायामाचे फायदे सांगणारा मजकूर नुसता वाचायला दिला तर पुढच्या आठवड्यात ३५ टक्क्यांनी एकदा तरी व्यायाम केला, पण तोच मजकूर वाचून वर कधी आणि कुठे करणार हे ज्यांनी लिहून दिलं त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी केला. फरक बघा!

माझ्या तक्त्यात काय आहे ते सांगते म्हणजे कल्पना येईल. जर सकाळच्या फास्टला बसायला मिळालं तर पुस्तकाची दहा पानं, जर उभी असेन तर कानात इंग्लिश स्पीकिंगचा ऑडिओ. जर अंधेरी आली तर फोन पर्समध्ये, तसंही अंधेरीनंतर कोपर हलवायला जागा नसते. जर कुकर लावला तर तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या मान आणि खांद्याचे व्यायाम, फिजिओने दिलेले, जे चटई अंथरून करायचे म्हटलं की कधीच होत नव्हते. ह्यातली कुकरची सवय इतकी पक्की बसलीय की आता शिट्टी ऐकली की मान आपोआप वळते, शेजारच्यांच्या कुकरची असली तरी. परतीच्या गाडीत आमच्या ग्रुपमधल्या एकीने मटार सोलता सोलता डोकावून विचारलं, भिशीचा हिशोब का गं? तिला पान दाखवलं तर म्हणाली ह्याला सहाशे रुपये कशाला, आणि मुद्दा बरोबर होता, पण तिने तिच्या लाँगबुकच्या मागच्या पानावर लगेच दोन ओळी लिहिल्याही.

कृतज्ञतेचं पान रोज भरायला लावलंय, तीन ओळी. दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्या जणी आई, बाबा, तब्येत एवढंच लिहितात, विचारून बघा. एमन्स आणि मॅक्कलो ह्या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा जो गाजलेला अभ्यास आहे त्याच्या पहिल्या प्रयोगात लोकांनी हे आठवड्यातून एकदा लिहिलं होतं, पाच गोष्टींपर्यंत, आणि त्यांना फायदा दिसला. मी पण फक्त रविवारी लिहिते, मग तपशील सुचतात, म्हणजे आई असं न लिहिता आईने न सांगता इस्त्रीचे कपडे आणून ठेवले असं. आयुष्याचं चाक, व्हिजन बोर्ड वगैरे पानं जाहिरातीत छान दिसतात, वापर शून्य, मुलाने त्यावर विमानं काढलीत.

स्टिकरचं सांगायचं राहिलं, हसरे-रडके चेहरे, मूड नोंदवायला. ते आमच्या सासूबाईंनी मागून घेतले, म्हणाल्या तुला नकोत ना, दे इकडे, आणि कालनिर्णयवर लावले, बीपीची गोळी घेतली की हसरा. दूध किती, गॅस कधी लावला, बाईच्या दांड्या, सगळं त्या वर्षानुवर्षं कालनिर्णयवरच लिहितात, १९७३ पासून निघतंय ते, घराघरातला हॅबिट ट्रॅकर हाच. गोळी चुकलेल्या दिवशी चौकोन रिकामा, दुसऱ्या दिवशी पुढे चालू, पहिल्यापासून वगैरे काही नाही.

तर पाचपैकी तीन, त्यातले दोन शिवणीचे आणि एक त्या जर-तरच्या पानाचा. ज्यांना घरी आखून लिहायचा कंटाळा येत नाही त्यांनी शंभरच्या आतली लाँगबुक घ्यावी, डावी-उजवी रेघ मारली की काम होतं. वही समोर दिसली की लिहिलं जातं असा स्वभाव असेल तर घ्या, मी त्यातलीच. फक्त डिसेंबर-जानेवारीत घेऊ नका, तेव्हा संकल्पवाल्यांची गर्दी असते आणि कुणी एक रुपया कमी करत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच मालाचा भाव उतरतो आणि तारखा छापलेल्या नसल्याने आपलं काहीच जात नाही. जाताना रोजचं पेन सोबत न्या, दुकानदाराला सॅम्पलची वही मागा आणि शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून मागे उमटतंय का बघा. प्लास्टिक फोडून दाखवायला नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात, त्या गल्लीत दुकानं काय कमी नाहीत.