लॉसलेसकट वापरून बघितलं: काल्याच्या कीर्तनाच्या चार फायली एक केल्या, क्वालिटी जशीच्या तशी

आमचं गाव सेलू तालुक्यात, परभणी जिल्हा. दरवर्षी सप्ता असतो आन काल्याच्या कीर्तनाचं शूटिंग माझ्याकडं असतं. कॅमेऱ्याचं कार्ड फॅट३२ फॉरमॅटचं आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, त्यामुळं ४ जीबी भरले की तो आपोआप दुसरी फाईल चालू करतो, म्हणजे दोन तासाच्या कीर्तनाच्या चार फायली, आन लोकांला पाहिजे असतं सलग एकच. मागच्या साली एका फुकटच्या ॲपमधी जोडल्या होत्या, तीन तास लॅपटॉप तापला आन १५ जीबीचं निघालं २ जीबी. हंडी फुटल्यावर लाह्या उडतात ना, त्या जागी नुसते चौकोन दिसायले. लै वाईट वाटलं, कारण त्यात आमचे विणेकरी आजोबा होते आन ते आता नाहीत.

नशीब मूळ फायली ठेवल्या होत्या. यंदा त्याच फायली लॉसलेसकट नावाच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधी टाकल्या. हे पण फुकट आहे, गिटहब नावाच्या वेबसाईटवरून घ्यायचं, आतमधी एफएफएमपेग नावाचं व्हिडिओचं टूल चालतं. चारी फायली एकदम ओढून आणून सोडायच्या, मर्जचं ऑप्शन घ्यायचं, क्रम नीट आहे का बघायचा, बस. पाचसहा मिनिटांत झालं. कारण हे व्हिडिओ उलगडून परत दाबून भरत नाही, जो डेटा आहे तोच एकामागं एक लावतं, म्हणून क्वालिटी जायचा प्रश्नच येत नाही. जोडाच्या जागी हेडफोन लावून तीनदा ऐकलं, पखवाजाची थाप कुठं तुटली नाही.

पण फायली एकाच कॅमेऱ्याच्या, एकाच सेटिंगच्या पाहिजेत. मी मधी मोबाईलवरचा दिंडीचा क्लिप घातला होता, लॉसलेसकटनं आधीच वॉर्निंग दिली तरी मी पुढं गेलो, तर दिंडी आली की चित्र अडकलं आन आवाज पुढं. मग तेवढा क्लिप दुसऱ्या एडिटरमधी कॅमेऱ्याच्याच साईज, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) आन कोडेकवर (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), बिटरेट म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा भरपूर ठेवून काढून घेतला, मग जुळला. कट पण कीफ्रेमवरच बसतो (व्हिडिओत मधीमधी येणारं पूर्ण साठवलेलं चित्र), तुम्ही जिथं म्हणाल तिथून जरा आधीपासून सुरू होतं, कीर्तनाला चालतंय, लग्नाच्या गाण्याला नाही चालणार. इफेक्ट, टायटल ह्याच्यात होत नाहीत.

डिस्कवर जागा दुप्पट ठेवा, मूळ १५ आन नवीन १५. पेनड्राईव्ह फॅट३२ असला तर एवढी मोठी फाईल घेणारच नाही, एक्सफॅट फॉरमॅट करा, पण त्याच्या आधी आतला माल काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकू नका, ते दाबून टाकतं, छोटा तुकडा असंल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आजोबांच्या घरी पेनड्राईव्ह टीव्हीला लावून दाखवलं. विण्याच्या तारा पण दिसायल्यात. आजीनं तेवढाच भाग परत लावायला लावला.