बिघडलेल्या फाइलसाठी लिबरऑफिस रायटर

पेनड्राइव्ह घाईने काढल्यामुळे माझ्या प्रबंधाची साठ पानांची फाइल उघडेनाशी झाली, तेव्हा लिबरऑफिस रायटर या मजकूर-लेखनाच्या मोफत सॉफ्टवेअरचा जो उपयोग झाला, तो मनापासून नोंदवावासा वाटतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ पासून रूढ झालेली डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल प्रत्यक्षात एक झिप संच (अनेक फाइली एकत्र दाबून केलेली एकच फाइल) असते. मुख्य मजकूर त्यातील डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये आणि चित्रे मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे संचाचा एखादा भाग खराब झाला तरी मजकूर शाबूत असू शकतो. रायटरने फाइल सदोष असल्याचे सांगून दुरुस्तीची परवानगी विचारली आणि होकार देताच जवळजवळ सर्व मजकूर, जोडाक्षरांसह, परत मिळाला. हा दिलासा शब्दांत सांगणे अवघड आहे. बिघाड जेथे होता तेथील काही तळटीपा मात्र मला पुन्हा लिहाव्या लागल्या. असे प्रयोग मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवरच करावेत, असा माझा आग्रह आहे. दुरुस्ती जमली नाही, तर प्रतीचे एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातील शेवटच्या टिंबानंतरचा भाग) झिप असे बदलून, संच उलगडता आल्यास, मजकूर हाताने बाहेर काढता येतो. परंतु फाइलचा आकारच शून्य बाइट दिसत असेल, तर जुनी प्रत शोधण्यावाचून गत्यंतर नाही.